चढवलेला ट्रेबल

त्या बाईनं लेकराच्या कानांवर हात ठेवले तेव्हा मी बासरी वाजवत होतो. म्हणजे की-बोर्डवरची बासरी, वरच्या सप्तकात, उजव्या हाताच्या तीन बोटांत मावणारी. वारंगा फाट्याच्या एका मंगल कार्यालयात साखरपुडा होता, दुपारचा दीड वाजला होता, पत्र्याखाली पंखे गरम हवा ढवळत होते आणि ती बाई दुसऱ्या रांगेत बसली होती. मांडीवर सात-आठ महिन्यांचं लेकरू. मी बासरी सोडून व्हायोलिनच्या जाड आवाजावर खाली आलो तसे तिचे हात निघाले. मला वाटलं, योगायोग. पुन्हा वर गेलो. हात पुन्हा कानांवर. ढोलकी कडकडत होती, ऑक्टोपॅडवाला जीव खाऊन बडवत होता, बाहेर हायवेवरून ट्रक हॉर्न देत जात होते, त्यांचं तिला काही नव्हतं. शेजारणीशी तिचं बोलणं चालूच होतं, माझ्याकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. तिचे हात आपले आपण येत-जात होते, दुधावरची माशी हाकलावी तसे. तिसऱ्यांदा मी बासरीवर गेलो तो फक्त खात्री करून घ्यायला. खात्री झाल्यावर उरलेला सगळा कार्यक्रम मी खालच्या दोन सप्तकांत काढला.

हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत कुणी 'की-बोर्डवाले अशफाकभाई' म्हटलं तर माझ्याशिवाय दुसरं नाव पुढं येत नाही. लोक अशा वेळी 'फुशारकी म्हणून सांगत नाही' असं म्हणतात. मी फुशारकी म्हणूनच सांगत आलोय. वाजवणं माझं तसं बेताचंच आहे, माझ्याहून जलद बोटं असलेली पाच-सहा पोरं आज बसमत-कळमनुरीकडं आहेत. पण ती वायर खुपसतात आणि वाजवायला लागतात. मी आधी आवाज लावतो. स्टँडवर माझे दोन की-बोर्ड असतात, बाजूला माझा स्वतःचा छोटा मिक्सर, त्यावर बेस, मिड आणि ट्रेबलची, म्हणजे जाड, मधल्या आणि बारीक आवाजाची बटणं. पत्र्याच्या हॉलात मिड थोडा खाली घ्यायचा, नाहीतर पियानो डालड्याच्या डब्यात वाजल्यासारखा येतो. मोकळ्या मांडवात बेस ढोलकीच्या वाटेतून बाजूला काढायचा. बासरीला ट्रेबलनं वरून जराशी धार द्यायची. हे सगळं झालं की माझ्या मिक्सरमधून एक वायर साउंडवाल्याच्या मोठ्या मिक्सरकडं जाते. तिथून आवाज हॉलभर पसरतो आणि थोडासा परत माझ्याकडं येतो, पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून. वाजवताना मी ऐकतो तो हा परत आलेला आवाज. त्याच्यावर माझा सव्वीस वर्षं भरवसा होता.

परतताना छोटा हत्ती टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून मी त्या बाईवर चिडत आलो. लेकराला इतकं जपायचं होतं तर साखरपुड्याला आणायचं कशाला. ऑक्टोपॅड चालतो आणि बासरी चालत नाही, कान आहेत की काय आहे. कळमनुरीपर्यंत हे चिडणं पुरलं, पुढं पुरेना. प्रेमदास बरोबर असता तर त्याला सांगून हसलो असतो. प्रेमदास आमचा गायक, पुसेगावजवळच्या तांड्यावरचा, बावीस वर्षं माझ्या डाव्या हाताला उभा राहून गातो. त्या दिवशी त्याच्या भावाच्या, फुलसिंगच्या, पोरीची सोयरीक होती म्हणून तो आला नव्हता आणि वाशिमहून बोलावलेला कुणीतरी गाऊन गेला. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली काळी रानं सरकत होती. मागं स्टँडचे पाय एकमेकांवर आपटत होते आणि तो आवाज मला स्वच्छ येत होता. मी मुद्दाम कान देऊन ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा मिक्सर बाजेवर घेतला आणि ब्रशनं धूळ झाडायला बसलो. बटण नेमकं कुठं ठेवायचं ते विसरू नये म्हणून मी त्याच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका देतो. कमरजहाँला, माझ्या बायकोला, नेलपॉलिश चालत नाही, नमाजाआधी वजू होत नाही म्हणते. बाटली नेहमी आमच्या उझ्माची. ती नववीत होती तेव्हाचा लाल ठिपका, कॉलेजला जायला लागली तेव्हाचा गुलाबी, लग्न होऊन अकोल्याला गेली त्या वर्षीचा तांबूस. बेसचे तीनही ठिपके एकमेकांच्या अंगावर बसले होते, मिडचेही. ट्रेबलचा लाल ठिपका बरोबर मध्यावर, घड्याळात बारा वाजतात तिथं होता. गुलाबी दीडवर. तांबूस तीनवर. आणि बटणाचा काटा आज त्याच्याही पुढं, चाराच्या पलीकडं, जिथून तो पुढं फिरतच नाही तिथं जाऊन टेकला होता. कुणी दुसऱ्यानं फिरवलेला नव्हता. दर वेळी केसभर, दर वेळी 'आज जरा बोथट वाटतंय' म्हणत, मीच फिरवत आलो होतो. ब्रश हातात धरून मी बराच वेळ त्या तीन ठिपक्यांकडं बघत बसलो. आपलं वय एखाद्या कागदावर लिहिलेलं असतं ते ठाऊक असतं, ते पोरीच्या नेलपॉलिशमध्ये लिहिलेलं असेल असं वाटलं नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. मागची दोन वर्षं मी नगरपालिकेचं कौतुक करत होतो. चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायऱ्यांवर, जो भेटेल त्याला सांगत होतो की फवारणी चांगली करून राहिलेत, डास कमी झाले. लोक माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत आणि मी समजत होतो, कुणाचं चांगलं बोललेलं लोकांना पचत नाही. त्या दिवशी जेवताना मी कमरजहाँला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मच्छरां अब भी कान में गाते क्या?" ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "रोज गाते. तुम्हारेच कान में नहीं गाते होंगे." आणि तिनं डाळ वाढली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझ्या हातावर मात्र तेव्हाही दोन ठिकाणी चावल्याच्या गांधी होत्या. जेवण झाल्यावर मी अंगणात जाऊन उभा राहिलो. कडुनिंबावर चिमण्या होत्या, त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. त्यांचं चिवचिवणं मला येत होतं की आठवत होतं, हे मला सांगता येईना.

माझे अब्बा, शकील पेटीवाले, हार्मोनियम दुरुस्त करत. पेटीच्या आतल्या पितळी पट्ट्या बारीक कानशीनं घासून ते सूर लावत. सूर चढवायचा तर टोकाशी घासायचं, उतरवायचा तर मुळाशी, आणि घासायचं ते श्वास रोखून, कारण उडालेलं पितळ परत चिकटवता येत नाही. कुठलाही आवाज वाढवायच्या आधी दुसरा कमी करून बघ, हे मी त्यांच्याकडून शिकलो. सगळा इक्वलायझर, म्हणजे बेस-मिड-ट्रेबलचा सगळा हिशोब, त्या एका वाक्यात आहे, आणि मी तेच विसरलो. अब्बांच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत त्यांच्या पेट्यांचं वरचं सप्तक चुकायला लागलं. थोडंसंच, पण चुकायचं. भजनी मंडळाची माणसं पेटी घेऊन जात, "वा चाचा" म्हणत, आणि तीच पेटी नांदेडला नेऊन पुन्हा लावून आणत. मला ठाऊक होतं. बसस्टँडवर ग्यानबा म्हणून आमचं जुनं गिऱ्हाईक, कापडात बांधलेली पेटी घेऊन नांदेडच्या गाडीत चढताना मी पाहिलं. त्यानंही मला पाहिलं. दोघांनी मान हलवली. 'माझ्या हातची पेटी पाच वर्षं बघावी लागत नाही,' असं अब्बा शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि घरीदारी सगळे माना हलवत राहिले. बहिरं होण्याचं मला फारसं भय वाटत नव्हतं. म्हातारपण आहे, येणारच. मला त्या मानांचं भय वाटत होतं. माझ्यासाठी त्या कधीपासून हलायला लागल्या आहेत, कोण कोण हलवतं, हे आठवून आठवून मी पुढचे पाच दिवस काढले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. किराणावाला हसला तरी मला वाटे, याला माहीत आहे.

शनिवारी मी ठरवून टाकलं. रविवारी पुसेगावच्या शाळेत संध्या मॅडमच्या सेवापूर्तीचा कार्यक्रम होता, तो शेवटचा. त्या दिवशी प्रेमदासला सांगायचं की आता दुसरा की-बोर्डवाला बघ, आणि कारण विचारलं तर कंबर सांगायची. माझ्या वयाला कंबर कुणालाही पटते. हे ठरल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. बावन्नाव्या वर्षी माणूस दुसरं काय करणार, हा प्रश्न खोटा होता, करायला पुष्कळ असतं. पण हॉल रिकामा असताना, खुर्च्या लागत असताना, एक सूर दाबून तो भिंतीवरून परत यायची वाट बघणं, एवढंच मला मनापासून आवडत आलंय. लग्नं नाही, टाळ्या नाही, गाणीसुद्धा नाही. तेवढं सोडताना जीव तुटत होता.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. साडेनऊला आम्ही पोचलो तेव्हा संध्या मॅडम स्वतःच खुर्च्यांच्या रांगा सरळ करत होत्या. चौतीस वर्षांची सवय. गावातली माणसं त्यांना "मॅडम, आज तरी बसा" म्हणत होती आणि त्या बसत नव्हत्या. त्यांची नवी जरीची साडी पायात येत होती. मी स्टँड उभा केला, वायरी जोडल्या. प्रेमदास आल्या आल्या नेहमीप्रमाणं साउंडवाल्याकडं गप्पा मारायला गेला. तो दर कार्यक्रमाला आधी तिकडं जातो. साउंडवाले बदलतात, त्याचं जाणं बदलत नाही. मी याला त्याचा बोलका स्वभाव समजत आलो होतो. त्या दिवशी मला एक वायर कमी पडली म्हणून मी त्याच्या मागोमाग गेलो. तो मोठ्या मिक्सरवर वाकला होता आणि साउंडवाला मोबाइलमधून मान वर न करता त्याला म्हणत होता, "प्रेमदासभाऊ, सात नंबर मी आधीच उतरवून ठेवलाय."

सात नंबर माझा. मिक्सरवर चिकटपट्टी लावून त्यावर पेनानं लिहिलेलंही होतं. त्याच्या रांगेतलं सगळ्यात वरचं बटण, ट्रेबलचं, डावीकडं पार खाली गेलेलं होतं. प्रेमदासनं वळून मला पाहिलं. त्याचा हात तिथंच होता, तो त्यानं काढला नाही, आणि काढला असता तर मला जास्त वाईट वाटलं असतं. साउंडवाला चहा आणायला म्हणून उठून गेला.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"तीन वर्सं झाले असतील."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी लई चढवून राहिले होते, अशफाकभाई. पब्लिक तोंडं वाकडी करत होती. तुमाला कसं सांगावं? तुमच्या आवाजाचं नाव हाय सगळीकडं. मंग मी इकडून उतरवत गेलो."

"मला वाईट वाटंल म्हणून."

"व्हय. आन आता बी वाटूनच राहिलं नं."

मी शाळेच्या नळाकडं गेलो. तोंडावर पाणी मारलं. तर वारंगा फाट्याला प्रेमदास नव्हता, बटण उतरवणारं कुणी नव्हतं, म्हणून माझा सगळा ट्रेबल तसाच्या तसा त्या लेकराच्या कानांवर गेला. तीन वर्षं माझा आवाज चांगला येत होता तो प्रेमदासच्या दोन बोटांमुळं. ज्या मानांना मी पाच दिवस भीत होतो त्यातली सगळ्यात जवळची मान माझ्या डाव्या हातालाच होती. मला त्याचा राग आला. इतका शांत राग मला कधी आला नव्हता. नळ थेंब थेंब गळत होता आणि मी तो बंद करत होतो, पुन्हा गळत होता. तेवढ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मी तोंड न पुसताच परत गेलो.

"प्रेमदास, माझ्या पायाशी जो स्पीकर असतो, त्यात आवाज कुठून येतो?"

"इथूनच. ह्याच मिक्सरमधून."

"म्हंजी तू उतरवलेलाच येतो नं. मला तो बोथट लागायचा. म्हणून मी तिकडं चढवायचो."

प्रेमदास मिक्सरकडं बघत राहिला. त्यानं मनात हिशोब लावला असावा, कारण त्याचे ओठ हलले. "आन तुमी चढवला की मी आनखी उतरवायचो," तो म्हणाला.

तीन वर्षं आम्ही दोघं एकाच दोरीची दोन टोकं ओढत होतो आणि दोघांनाही वाटत होतं, आपण दुसऱ्याला सांभाळतोय. प्रेमदासला हसू आलं, ते त्यानं तोंडावर हात ठेवून दाबलं. मला हसू आलं नाही, पण छातीवरचं काहीतरी थोडं सैल झालं. तीनवरचा तांबूस ठिपका ते शेवटच्या टोकाला टेकलेला काटा, यातलं माझ्या कानांचं किती आणि प्रेमदासच्या बोटांचं किती? सगळंच त्याचं असेल अशी एक वेडी आशाही वाटून गेली. हातच्या कांकणाला आरसा कशाला. मी त्याला म्हटलं, तू तुझं बटण मध्यावर आण, मी माझं मध्यावर आणतो. दोघांचे बारा वाजल्यावर काय येतं ते बघू.

मी बटण फिरवलं. हाताला ते जड लागलं, इतकी वर्षं ते उलटं फिरलंच नव्हतं. बासरी निवडली आणि वरच्या सप्तकात एकच सूर दाबून धरला. आला. पण रजईखालून आला. बासरीची फुंकर असते ना, सुराच्या आधी लागणारी हवा, ती नव्हतीच. आणखी वर गेलो तसा सूर बारीक झाला आणि शेवटच्या तीन पट्ट्यांवर नुसतं बोट राहिलं. म्हणजे कान गेले होते, प्रेमदास उतरवायला लागला त्याच्या आधीच जायला लागले होते. सगळे नाहीत, पण गेले होते. प्रेमदास एव्हाना मांडवाच्या मधोमध जाऊन उभा राहिला होता. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि खुर्च्या लावणाऱ्या संध्या मॅडमही एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थांबल्या होत्या. प्रेमदासनं डोळे उघडून तळहात दाखवला. बस्स, एवढाच.

माझा हात बटणाकडं गेला होता. केसभर, फक्त केसभर चढवलं तर ती फुंकर मला आली असती. प्रेमदास लांबून मान हलवून नको म्हणाला. या वेळी मान आडवी हलली होती, सगळ्यांसमोर, आणि मला ती बघून रडू यायला झालं. मी हात काढून मांडीवर ठेवला.

तो जवळ आला आणि स्टँडला टेकून उभा राहिला. म्हणाला, तुमी लावा, मी तिथून ऐकतो, हर कार्यक्रमाला आसंच करू, त्यात शरम कसली. मी कंबरेचं काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "पर आता एकमेकाला सगळं सांगायचं, अशफाकभाई. लपवून लई तकलीफ होती. तीन वर्सं झाली, तुमच्या डोळ्याला डोळा द्यायला जिवावर येत होतं मला." मी म्हणालो, बराबर आहे, सांगायचं. मला ते त्या वेळी अगदी मनापासून वाटत होतं.

अकरा वाजता पाहुणे आले, फेटे बांधून झाले, शाल-श्रीफळ टेबलावर मांडून झालं. निवेदकानं स्वागतगीताचं नाव घेतलं. प्रेमदासनं माइक हातात घेऊन गळा साफ केला. तंबाखू सोडल्यापासून त्याचा गळा कसा मोकळा झालाय हे तो हल्ली सगळ्यांना सांगतो, तांड्यावरच्या तरण्या पोरांना उदाहरण देतो. वयाच्या पन्नाशीत मी जुन्याच पट्टीत, काळी दोनमध्ये, गातो म्हणतो. माझ्या की-बोर्डवर एक बटण आहे, ते दाबलं की बोटं त्याच पट्ट्यांवर राहतात आणि सगळा आवाज पायरी पायरीनं खाली उतरतो. सेनगावच्या एका लग्नात वरच्या सुरावर त्याचा आवाज चिरला आणि त्यानं तो खोकल्यावर ढकलला, त्यानंतर मी ते बटण पहिल्यांदा दाबलं. आधी एक पायरी. मागच्या दिवाळीपासून दोन. की-बोर्डच्या छोट्या पडद्यावर तो आकडा दिसतो, म्हणून मी गाण्यांची वही त्याच्यावर आडवी ठेवतो, आणि याला मी लपवणं असं कधी म्हटलेलंच नव्हतं. त्याच्याकडं बघून मी तोंड उघडलं. आत्ताच तर ठरलं होतं. पुढच्या रांगेत संध्या मॅडम अखेर बसल्या होत्या, हात मांडीवर, आणि प्रेमदास पाठ ताठ करून त्यांना नमस्कार करत होता. नळावरचा माझा राग तेव्हा कुठं गेला.

तो माझ्याकडं वळला. "काळी दोन नं, अशफाकभाई?"

"काळी दोनच," मी म्हणालो, आणि वही त्या आकड्यावर आणखी थोडी सरकवली.